चार नंबरच्या टेबलाचा वेग

आमच्या शाखेत काम मोजायला हेड ऑफिसमधून माणूस येणार हे कळलं तेव्हा मला आनंद झाला होता. तो मी कुणाला दाखवला नाही, कारण बाकी सगळी शाखा त्या बातमीने भडकली होती.

शाखा अंधेरी पूर्वेला, औद्योगिक वसाहतीच्या तोंडाशी होती. मी घाटकोपरहून बसने यायचे. नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. बी.कॉम.ला फर्स्ट क्लास, बँकेची लेखी परीक्षा, मुलाखत हे सगळं पार करून मी लागले होते. पण जागा राखीव होती, आणि शाखेत माझ्याबद्दल तेवढी एकच गोष्ट सगळ्यांना पाठ होती. वडील महापालिकेच्या पाणीखात्यात फिटर होते. पहिल्या दिवशी ते मला बँकेच्या दारापर्यंत सोडायला आले आणि आत न येताच परत गेले. बरं झालं आले नाहीत, असं मला पुढे कितीदा तरी वाटलं.

शाखेवर खरं राज्य हेड क्लार्कचं होतं. कोकणातला, बोरिवलीला राहणारा, बावीस वर्षं नोकरी झालेला, शिवाय शाखेतला युनियनचा माणूस. मॅनेजरसुद्धा त्याला विचारल्याशिवाय कुणाची रजा मंजूर करत नसत. त्याला मी तेव्हा ‘साहेब’ म्हणायचे, ‘तुम्ही’ म्हणायचे. आज लिहिताना ‘तो’ लिहिते आहे, आणि ते मी बदलणार नाही.

काउंटरवर गर्दी झाली, कुणी गिऱ्हाईक कुरकुरलं, की तो मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचा, “सरकारचे जावई बसवलेत ना इथे, वेळ लागणारच.” महिन्याच्या शेवटी सगळ्या लेजरांची बेरीज जुळवायची असे. फरक आला की पहिलं माझं लेजर उघडलं जायचं. दोन वर्षांत माझ्या लेजरात फरक सापडला तो एकदाच. बाकीच्या वेळी तो दुसरीकडेच कुठेतरी असायचा, एकदा तर खुद्द त्याच्या बेरजेत हातचा राहिला होता. तेव्हा तो “हां, मिळाला” एवढंच म्हणाला आणि सिगरेट ओढायला बाहेर गेला.

मला दिलेलं लेजर चार नंबरचं. त्यात वसाहतीतल्या कामगारांची बचत खाती होती. बाकीच्यांकडे दुकानदार, कारखानदार, सोसायट्या. दिवसाला मोजके व्यवहार. माझ्याकडे पगार झाला की दारापर्यंत रांग. प्रत्येकाची स्लिप घ्यायची, पितळी टोकन द्यायचं, लेजरात नोंद करायची, शिल्लक काढायची, पासबुक भरायचं आणि स्लिप हेड क्लार्ककडे सरकवायची. ठरावीक रकमेपर्यंतच्या स्लिपांवर सही जुळवून त्या पास करायचा अधिकार त्याला होता. त्याने सही केली की स्लिप कॅशियरकडे जायची आणि टोकनचा नंबर पुकारला जायचा.

शाखेत माझ्याशी माणसासारखं बोलणारी एकच होती. वर्सोव्याची, कोळ्यांची मुलगी, तिथेच दिलेली, दीड वर्षाचा मुलगा पदरात. ती माझ्यानंतर तीन महिन्यांनी लागली होती. तिच्या डब्यातल्या जवळ्याच्या वासावरून तिला, आणि वास वगैरे काही नसताना मला, जेवणाच्या खोलीत कोपऱ्यातलं टेबल मिळालं होतं. आम्ही दोघी तिथे बसून जेवायचो. “जाऊ दे गं,” ती म्हणायची, “पगार होतोय ना वेळेवर?” तिचं सगळ्या जगाला हेच उत्तर होतं. मला ते जमलं नाही.

तर काम मोजणारा माणूस येणार म्हणून हेड क्लार्कने दुपारच्या सुट्टीत सगळ्यांना जमवलं. त्याने जे सांगितलं ते मला आजही स्पष्ट आठवतं, कारण त्यातलं बरंचसं खरं होतं.

“हा येणार घड्याळ घेऊन,” तो म्हणाला. “एका माणसाने तासाला किती स्लिपा मारल्या ते लिहून नेणार. तुम्ही जोर लावलात की वर साहेब लोक म्हणणार, एवढं काम एवढ्यात होतं तर एवढी माणसं कशाला? दोन-चार जागा गेल्याच समजा. वर आणि कॉम्प्युटर आणायला मोकळे. तेव्हा तो आहे तोवर कुणी पळायचं नाही. आरामात. टोपण काढायचं, पेन बघायचं, मग लिहायचं.”

सगळे हसले. मीही हसले असेन. मग त्याची नजर कोपऱ्यात आमच्याकडे आली.

“तुला काय वेगळं करायची गरज नाय,” तो मला म्हणाला. “तू आहेस तशीच चालू ठेव.”

या वेळचं हसणं मोठं होतं. माझी मैत्रीण हसली नाही, पण तिने डब्यात मान घातली. मी डबा बंद केला. बंद करता करता ठरवलं की तो माणूस येईल त्या दिवसापासून मी असं काम करीन की त्याला लिहायला कागद पुरणार नाही. युनियन गेली खड्ड्यात. जागा गेल्या तर यांच्या जाऊ देत. कुठेतरी शाईने लिहून ठेवलेलं मला हवं होतं, की या बाईने इतकं काम केलं आणि बाकीच्यांनी इतकं.

तो माणूस सोमवारी आला. पुण्याचा, बारीक, पांढरा बुशशर्ट, गळ्यात काळ्या दोरीत स्टॉपवॉच. बोलणं इतकं शुद्ध की त्यावरूनही टवाळी झाली. त्याला बसायला खुर्ची कुणी दिली नाही. चहा आला तो त्याला सोडून सगळ्यांना दिला गेला. तो भिंतीशी उभा राहून फळीवर लावलेल्या कागदावर खुणा करत राहिला. एका टेबलामागे अर्धा तास, मग पुढच्या.

शाखा सुस्तावली होती. दोन नंबरच्या लेजरवरच्या बाईंनी एका स्लिपेसाठी तीनदा चष्मा पुसला. माझ्या मैत्रिणीनेही सांगितल्याप्रमाणे हात आखडता घेतला. तिला त्याचा राग येत होता असं मला वाटत नाही. सगळे करतात ते आपण करावं आणि घरी जावं, एवढंच तिचं म्हणणं.

मी मात्र मान वर केली नाही. पगाराचा आठवडा होता, रांग होतीच. कोणत्या पानावर कुणाचं खातं हे मला पाठ होतं. नंबर ऐकला की बोटं पानावर पोचायची. तो माणूस माझ्या खांद्यामागे उभा राहिला की घड्याळाची टिकटिक ऐकू यायची. दुसऱ्या दिवशी तो माझ्यामागे ठरल्यापेक्षा जास्त वेळ थांबला. कागद उलटवून मागच्या बाजूला खुणा करताना मी त्याला पाहिलं आणि मला जे सुख झालं ते फारसं चांगलं नव्हतं.

हेड क्लार्कने मला काहीच म्हटलं नाही. त्याने वेगळाच उपाय केला. माझ्याकडून गेलेल्या स्लिपा त्याच्या टेबलावर पडू लागल्या. आधी दहा, मग चाळीस, मग गठ्ठा. वर पेपरवेट. तो चहा प्यायचा, पेपर चाळायचा, मध्येच एक स्लिप उचलून उजेडात धरायचा आणि परत ठेवायचा. टोकन घेतलेली माणसं बाकांवर, पायऱ्यांवर, दारात साचू लागली. त्यांना स्लिप कुठे अडली ते कसं कळणार? त्यांनी स्लिप माझ्या हातात दिलेली. शिव्या मला.

मोजणाऱ्या माणसाने एकदा विचारलं, “हे कागद इथे का थांबले आहेत?”

“सह्या तपासतोय,” हेड क्लार्क म्हणाला. “चुकीच्या माणसाला पैसे गेले तर तुमचं घड्याळ भरणार आहे का?”

तो माणूस पुढच्या टेबलाकडे गेला.

गुरुवारी दुपारी दीडच्या सुमारास खाकी कपड्यांतला एक कामगार काउंटरशी आला. कपड्यांवर तेलाचे डाग, डोळे लाल. त्याने अकरा वाजता टोकन घेतलं होतं. तासाभराची सुट्टी काढून आला होता, आणि आता त्याचा अर्धा दिवस बुडाला होता. तो मला म्हणाला, “बाई, माझ्यामागून आलेल्या त्या शेटला पैसे मिळाले. आम्ही काय फुकट उभे आहोत?” शेटची स्लिप दोन नंबरच्या लेजरची होती, ती लगेच पास झाली होती. मी म्हटलं, “तुमची स्लिप मी कधीच पुढे दिली आहे.” ते खरं होतं, पण त्याच्या कानांना ते कसं लागलं असेल ते मला कळतं. त्याने हातातलं टोकन माझ्यावर भिरकावलं.

ते जाड पितळी टोकन डाव्या भुवईच्या वर लागलं. आधी काहीच वाटलं नाही. मग लेजरच्या पानावर रक्ताचा थेंब पडलेला दिसला, आणि पान खराब झालं हेच पहिलं मनात आलं.

सगळ्यांच्या आधी उठला तो हेड क्लार्क. “स्टाफवर हात टाकतोस?” असं ओरडत तो काउंटरच्या बाहेर गेला आणि त्याने त्या कामगाराची कॉलर धरली. शिपायाला सांगून शटर अर्धं खाली घ्यायला लावलं. “काम बंद. आमच्या बाईवर हल्ला झालाय. जोवर पोलीस येत नाय तोवर एक कागद हलणार नाय.” पेनं खाली ठेवली गेली. दोन वर्षांत मी पहिल्यांदाच त्यांची बाई झाले होते. मोजणाऱ्या माणसाने घड्याळ थांबवलं, खिशात ठेवलं आणि कागदावर एक ओळ लिहिली.

माझ्या मैत्रिणीने पाण्याने रुमाल भिजवून माझ्या कपाळावर धरला. “चल, दवाखान्यात जाऊ,” ती म्हणाली. मी उठले ती दवाखान्यासाठी नाही. हेड क्लार्कच्या टेबलाशी गेले, पेपरवेट बाजूला केला आणि तो सगळा गठ्ठा उचलला. एका हाताने रुमाल धरून दुसऱ्या हाताने गठ्ठा मॅनेजरांच्या टेबलावर ठेवला.

“यांच्यावर सह्या करा, साहेब.”

मॅनेजर घाबरट होते. बढतीची वाट बघत होते आणि शाखेत आवाज होऊ नये एवढीच त्यांची इच्छा. “बाई, तुम्ही घरी जा. आराम करा. बाहेरचं वातावरण बघताय ना?”

“बघतेय. माझ्या कपाळाचं निमित्त करून ती माणसं उभी करून ठेवली आहेत. मला पोलीस नकोत. त्यांना सोडा आणि सह्या करा.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मग काचेतून बाहेर हेड क्लार्ककडे बघितलं. मी हलले नाही. त्यांनी पेन काढलं. सह्या करायला त्यांना किती वेळ लागला ते कुणी मोजलं नाही, पण तेवढ्या वेळात गठ्ठा संपला. मी तो कॅशियरकडे नेला. कॅशियर हेड क्लार्ककडे बघू लागला, तेव्हा मॅनेजर स्वतः केबिनच्या दारात येऊन म्हणाले, “पेमेंट सुरू करा.” दोन वर्षांत त्यांनी सगळ्यांसमोर दिलेला तो पहिला हुकूम असावा.

त्या कामगारालाही पैसे मिळाले. त्याने माझ्याकडे बघायचं टाळलं. माझीही त्याच्याशी बोलायची इच्छा नव्हती.

हेड क्लार्क माझ्या टेबलाशी येऊन वाकला. “संप फोडलास तू.”

“कुणासाठी होता संप?”

“तुझ्यासाठी.”

“मग मी मोडला.”

भुवईवर तीन टाके पडले. दुसऱ्या दिवशी मी वेळेवर हजर होते. हजेरीच्या वहीत माझ्या नावापुढे कुणीतरी पेन्सिलीने ‘मीटर’ लिहिलं होतं, आणि तेच माझं नाव पडलं. “काय गं, मीटर डाऊन झालं का?” असं सकाळी-सकाळी विचारायचे. माझी खुर्ची रोज दुसरीकडे सापडायची. एकदा लेजरावर शाईची दौत सांडली. कुणी सांडली ते कुणाला माहीत नव्हतं. दोन पानं मी घरी न जाता परत उतरवली. मला कुणाशी जुळवून घ्यायचं नव्हतं. मी सगळ्यांचा द्वेष करत होते आणि तो मला चांगला पुरत होता. त्या दिवसांत मैत्रिणीशीही मी धड बोलले नाही. तिने पेन खाली ठेवलं होतं हे मी लक्षात ठेवलं. रुमाल भिजवला होता, ते विसरले.

मोजणारा माणूस तीन आठवडे होता. शेवटच्या दिवशी तो फळीवरचे कागद आवरत असताना मी त्याच्यापाशी गेले.

“अहवालात माझं नाव येईल ना?”

“नावं नसतात,” तो म्हणाला. “आम्ही टेबल मोजतो. आपलं टेबल क्रमांक चार.”

“मग हे काम कुणी केलं ते वर कसं कळणार?”

“त्याची आवश्यकता नसते.”

“आणि स्लिपा त्यांच्या टेबलावर दोन-दोन तास पडून राहायच्या, ते लिहिलंत?”

तो थोडा अवघडला. “दोन टेबलांच्या मधला वेळ आमच्या तक्त्यात धरत नाहीत. तसा रकानाच नाही.” मग माझ्या भुवईवरच्या टाक्यांच्या खुणेकडे बघून म्हणाला, “आपला वेग मात्र उत्तम आहे.” त्याने नमस्कार केला. मी केला नाही.

अहवाल आला तेव्हा मॅनेजरांनी सगळ्यांना बोलावून त्यातला आमच्या शाखेपुरता भाग वाचला. आकडे आता आठवत नाहीत, पण एक वाक्य आठवतं. टेबल क्रमांक चारचा वेग साध्य करण्याजोगा मानल्यास या शाखेत दोन लेखनिक अतिरिक्त ठरतात.

हेड क्लार्क खिडकीबाहेर बघत होता. मग तो शांतपणे म्हणाला, “छोट्या स्लिपा आहेत हो तिच्याकडे. शंभर-दोनशेच्या. कुणीपण मारेल.” म्हणजे माझ्या कामाचा तेवढा पुरावाही उरला नाही. आणि त्याने त्या दुपारी सगळ्यांना जमवून सांगितलं होतं ते खरं ठरलं. हे दोन्ही एकाच खोलीत, एकाच वेळी झालं.

अतिरिक्त म्हणजे सर्वात शेवटी लागलेले, असा नियम. शेवटी लागलेली मैत्रीण, आणि तिच्याआधी मी. चष्मा पुसणाऱ्या बाईंना, कॅशियरला, हेड क्लार्कला धक्काही लागला नाही. माझी बदली मुलुंडला झाली. घाटकोपरहून ती जागा अंधेरीपेक्षा जवळ. मैत्रिणीची पनवेलच्या पुढच्या एका शाखेत. वर्सोव्याहून तिथे जायला बस, मग गाडी, मग एसटी.

ऑर्डर हातात पडली त्या दिवशी आम्ही कोपऱ्यातल्या टेबलावर शेवटचं बसलो. तिने डबा उघडला नाही.

“तू पळालीस,” ती म्हणाली. “तुझं कारण होतं, मला माहितीये. पण मला सांगायचंस ना. मी पण पळाले असते. नाहीतर तुला धरून ठेवलं असतं. तू मला त्यांच्यातच मोजलंस.”

मी म्हटलं, “तू हात आखडला होतास.”

“तान्हं पोर आहे गं माझं. मला भांडायला सवड नव्हती.”

निरोपाचा हार, पेढे यातलं काही झालं नाही. पाच वाजता मी पर्स उचलली आणि निघाले.

मुलुंडला कामाचा त्रास नव्हता. तिथेही माझ्या जागेची चौकशी पहिल्याच आठवड्यात झाली, पण हेड क्लार्क नव्हता, आणि मीही तोवर तोंडाने तिखट झाले होते. दोन महिन्यांनी मी मैत्रिणीच्या बदलीसाठी एक अर्ज लिहिला. पोर लहान, अंतर किती, रोज किती वेळ जातो, सगळं नीट मांडून. फक्त सही करायची, असा टाइप करून घेतला आणि एका रविवारी वर्सोव्याला गेले.

तिचं घर कोळीवाड्यात आत होतं. अंगणात काठ्यांवर बोंबील वाळत घातले होते आणि तिची सासू कावळे हाकत बसली होती. तिने आत हाक मारली. मैत्रीण दारात आली. दोन महिन्यांत तिचा चेहरा उतरला होता. पोर कडेवर होतं आणि ते मला ओळखेना.

मी कागद पुढे केला. तिने तो दारात उभ्या उभ्याच वाचला.

“चांगला लिहिलायस,” ती म्हणाली. “आधी दिला असतास तर सही केली असती.”

“म्हणजे?”

“परवाच राजीनामा दिला. पहाटे निघायचे, हा झोपलेला. यायचे तेव्हा परत झोपलेला. नवरा म्हणाला, मासळीत हात घाल, तेवढेच सुटतील.” तिने कागदाची घडी घालून मला परत दिली. “मी आता बाजारात बसेन. तिथे मागून कोणी घड्याळ लावत नाही.”

“अजून मागे घेता येईल. मी मॅनेजरांशी बोलते.”

“नको,” ती म्हणाली. “तू नको बोलूस.”

तिने मला आत बोलावलं नाही. सासूने विचारलं, चहा टाकू का, तेव्हा तीच म्हणाली, “तिला लांब जायचंय.” मी बसस्टॉपवर आले तेव्हा दुपारचे साडेबारा झाले होते. हेड क्लार्कचा राग मला अजून येतो, तो गेला तरी येतो. त्या मोजणाऱ्याचाही येतो. पण तिच्या दारातून निघाले तेव्हा माझ्याकडे तिच्यावर रागावण्यासारखं काही नव्हतं, आणि त्या दोन वर्षांत रागाशिवाय राहायची माझी सवयच गेली होती. बस आली, मी चढले, आणि तिकीट काढताना कंडक्टरला स्टॉपचं नाव दोनदा सांगावं लागलं.